मोड नसलेली वस्तू

भंडाऱ्यात पितळी भांडं फेकून द्यायची रीत नव्हती. गुंडाला चीर गेली, परातीचा काठ उसवला, गंगाळाचं बूड झिजलं, की ते कासाराकडे जायचं. तो चिरेवर टाकणखार टाकायचा, झाळ द्यायचा, भांडं आणखी दहा वर्षं चालायचं. अगदीच कामातून गेलं तर त्याची 'मोड' धरली जायची, म्हणजे जुन्या धातूचं वजन करून तेवढे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा. 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग तिथलाच. आज मोड हा शब्द बहुतेकांना फक्त सोनाराच्या दुकानात ऐकू येतो.

पितळनगरी ही आपली जुनी ओळख. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही पितळकाम हाच इथला मुख्य धंदा लिहिलेला आहे. भाणं म्हणजे पितळी ताट, त्यावरून गावाचं नाव पडलं अशी लोकांची समजूत. खरं काय ते विद्वान ठरवोत, रतनपूरच्या शिलालेखात 'भाणारा' असं नाव आहे एवढं नक्की. पण लोकांनी आपल्या गावाच्या नावात ताट शोधलं, यावरूनच तो धंदा किती अंगात मुरला होता ते कळतं. नंतर स्टेनलेस स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, प्लास्टिकची बादली आली. कल्हईवाल्याची हाक बंद झाली. पितळ अजून घडतं, पण डाग द्यायला भांडं घेऊन येणारं गिऱ्हाईक राहिलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण जरा वेगळं आहे. माझ्या गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल सुटलं. मागची एक खुंटी तुटली होती, बोटाच्या पेराएवढी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "खुंटी वेगळी मिळत नाही सर, पूर्ण पॅनेल बदलावं लागेल." कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कोणत्याही कंपनीत गेलात तरी उत्तर साधारण हेच मिळते. पेराएवढ्या तुकड्यासाठी अख्खं दाराचं अस्तर फेकायचं! आमच्या आजीनं हे ऐकलं असतं तर त्या पोराला घरी बोलावून हिशेब शिकवला असता.

गाड्या पहिल्यापासून अशा नव्हत्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली, तीच पुढे पद्मिनी. तिचा डॅशबोर्ड पत्र्याचा. महिंद्रा 1947 पासून जीप जोडू लागली, तिच्यात तर आत अस्तर म्हणण्यासारखं काही नव्हतंच. आपल्या जिल्ह्यात काळीपिवळी म्हणून जीपा किती वर्षं धावल्या ते तुम्हाला माहीत आहे. बारा माणसं आत, चार मागे लटकलेली, टपावर धानाचं पोतं. पत्रा चेपला की डेंटर आतून लाकडी ठोकळा लावून ठोकायचा. तुटला की गॅस वेल्डिंग. म्हणजे कासाराचीच विद्या, फक्त धातू वेगळा.

14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची चावी दिली गेली. त्या गाडीनं मध्यमवर्गाला चाकं दिली हे सगळे सांगतात. पण त्याच गाडीबरोबर साच्यातून निघालेलं प्लास्टिकचं अस्तर सर्रास झालं, आणि ते तुटल्यावर काय करायचं हे कोणालाच येत नव्हतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

प्लास्टिकला नुसत्या शिव्या घालण्यात अर्थ नाही. पत्र्याच्या डॅशबोर्डवर डोकं आपटून माणसं मरत. अमेरिकेत राल्फ नेडर यांचं गाडीच्या सुरक्षिततेवरचं पुस्तक 1965 मध्ये आलं, आणि 1968 पासून तिथे गाडीच्या आतला भाग धक्का सोसणारा हवा असा नियम लागू झाला. शिवाय प्लास्टिकने वजन कमी होतं, पेट्रोल वाचतं. गाडी मऊ झाली हे चांगलंच झालं. ती दुरुस्त होत नाही हे मात्र खरं नाही.

आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्यानं पॅनेल उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्याले गोंद धरतच नाई. ह्याले झाळच लागते." झाळ! पन्नाशीतला माणूस, त्याच्या तोंडी प्लास्टिकसाठी तोच शब्द.

तो बरोबर होता. गाडीच्या आत मुख्यतः दोन जातीचं प्लास्टिक असतं. एक पॉलिप्रॉपिलिन. इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी ते 1954 मध्ये तयार केलं आणि 1963 चं नोबेल कार्ल झिगलर यांच्याबरोबर मिळवलं. हे मेणासारखं गुळगुळीत, त्यावर फेविक्विक, एम-सील काहीच टिकत नाही. दुसरं एबीएस, जरा कडक, ठोकलं तर टणक आवाज देणारं. पॅनेलच्या मागे इंग्रजीत पीपी किंवा एबीएस असं कोरलेलं असतं. पीपी-टीडी20 असेल तर त्यात वीस टक्के संगजिरे मिसळलेलं आहे असं समजा. अक्षरं पुसली असतील तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा थेंब लावा. चिकट झालं तर एबीएस, काहीच झालं नाही तर बहुधा पीपी.

आता दुरुस्ती. पॅनेल काढताना लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, निम्म्या खुंट्या तिथेच तुटतात. मी बुरडाकडून आणलेली बांबूची कामटी वापरली. एका टोकाला घासून चपटी केली की बाजारातल्या महागड्या हत्यारापेक्षा बरी, ओरखडा उठत नाही. काम सकाळी कोवळ्या उन्हात करा. थंडीत प्लास्टिक ताठ असतं, पटकन तडकतं.

एबीएसला उपाय सोपा आहे. त्याच जातीच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवायचे, घट्ट लापशीसारखं झालं की चिरेला मागून लावायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. दर्शनी बाजूला थेंब सांडू देऊ नका, चकाकी जाते. ॲसिटोन भडकतं, तेव्हा जवळ बिडी नको. घाई असेल तर चिरेत खाण्याचा सोडा भरून त्यावर फेविक्विकचे थेंब टाकतात. क्षणात दगड होतो, पण कडक होतो, धक्क्यानं पुन्हा तडकू शकतो. सायनोॲक्रिलेट नावाचं हे रसायन 1942 मध्ये अमेरिकेत बंदुकीसाठी पारदर्शक दुर्बीण बनवताना हाती लागलं, आणि फार चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला टाकलं गेलं!

पीपीला मात्र झाळ. ते साधारण 160 ते 165 अंशांना वितळतं. साधं सोल्डरिंग आयर्न 300 च्या वर जातं, म्हणून टोक एका जागी ठेवायचं नाही, फिरवत राहायचं. दाट धूर निघाला की समजा माल जळला, जळलेला माल धरत नाही. आधी चिरेवर आडव्या स्टेपलरच्या पिना गरम करून आत दाबायच्या, काँक्रीटमध्ये सळई घालतो तशा. मग वरून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून भरायची. हे महत्त्वाचं: पीपीला पीपीच. केबल टाय बहुतेक नायलॉनचे असतात, त्याचा पीपीशी सांधा होत नाही. मी भंगारवाल्याकडून तुटका बंपर वजनावर आणला, मागे अक्षरं पाहून, आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. खुंटी त्यातूनच घडवली, मुळाशी चारी बाजूंनी झाळ दिली. हे सगळं उघड्यावर, वारा असेल तिथे करा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. ज्या भागावर एअरबॅग लिहिलेलं असेल, स्टिअरिंगचं झाकण असो की काचेच्या बाजूच्या खांबाचं आवरण, त्याला झाळ, गोंद काहीही करू नका. ते नेमक्या जागी उघडावं किंवा सुटावं म्हणून बनवलेलं असतं. तिथे नवाच भाग घाला.

काम मी फेब्रुवारीत केलं. मग आपला मे आला, पारा 45 च्या आसपास, गाडी दिवसभर उन्हात. सांधा हलला नाही.

आता प्रश्न असा, की खुंटी वेगळी का मिळत नाही? सुट्या भागांचा हा वाद जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका. पुढे अपिलं झाली. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही होती. त्याच डिसेंबरात पोर्टल निघालं. पोर्टलवर फोन नंबर आणि पुस्तिका मिळतात, खुंटी मिळत नाही.

1 एप्रिल 2025 पासून जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे नवे नियम लागू झाले. निर्मात्यांनी किती माल परत मिळवायचा हे त्यात पोलादाच्या हिशेबानं ठरवलं आहे. म्हणजे सरकारनं लोखंडाची मोड धरली. प्लास्टिकची नाही. गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये गिअरबॉक्स बनतात, वरठीच्या सनफ्लॅगचं पोलाद वाहन उद्योगात जातं. गाडीचा जो भाग पुन्हा भट्टीत जातो तो आपल्या जिल्ह्याला चांगला ठाऊक आहे. जो कचऱ्यात जातो त्याला जोडणारे हात, महामार्गाकडेच्या टपऱ्यांत बंपर शिवणारी पोरं, त्यांच्या कामाला ना प्रमाणपत्र ना भाव. विम्याच्या बिलातही बहुधा 'बदलला' हाच शब्द चालतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये भाग बदलायची वेळ आलीच, तर जुना भाग मागून घ्या. पैसे तुम्ही भरले आहेत, तो तुमचाच आहे. आणि माझ्याकडे त्या बंपरच्या पीपीच्या पट्ट्या अजून बऱ्याच उरल्यात. भंडारा, वरठी, मोहाडीकडचं कोणी असेल आणि लागत असतील, तर येऊन घेऊन जा. कामटीपण देतो.