पृथ्वीचा चतकोर आणि एक मास्तर

चकली-चिवड्याच्या ताटात विजेचे गणित कोण वाढतो, असे वाचक म्हणतील. पण हे गणित तारेच्या वेटोळ्यातून निघून थेट उत्तर ध्रुवाला जाऊन पोचते, म्हणून सांगण्याचा मोह आवरत नाही.

भरलेली बैलगाडी जशी चटकन हलत नाही आणि हलल्यावर चटकन थांबत नाही, तसाच वेटोळ्यातला विजेचा प्रवाह. तो एकदम तोडला, तर तुटल्या जागी लखकन ठिणगी उडते. वेटोळ्याच्या या हट्टी गुणाला प्रवर्तन म्हणतात. अमेरिकेतल्या ऑल्बनी गावी शाळेत शिकवणाऱ्या जोसेफ हेन्री या मास्तराने त्या ठिणगीचे इंगित ओळखले आणि १८३२ साली ते छापले. लहानपणी हा घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारी केलेला. दिवस शाळेच्या तासांत जाई. प्रयोग व्हायचे ते मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज उपजते, हेही त्याला स्वतंत्रपणे उमगले होते. पण १८३१ साली लंडनला मायकेल फॅरडेने ते आधी जाहीर केले आणि मान त्याचा झाला. तास घेता घेता काय काय हातचे निसटते, हे आम्हा मास्तर मंडळींना कोणी सांगायला नको.

पुढे प्रवर्तन मोजायची वेळ आली. सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांवर उभारलेल्या विद्युतचुंबकीय पद्धतीत आकडेमोड केली, तर माप निघाले चक्क लांबीचे! अमक्या वेटोळ्याचे प्रवर्तन इतके सेंटिमीटर, जणू कापडच. हे माप व्यवहाराला फारच चिमुकले, म्हणून शंभर कोटी सेंटिमीटरांचे एक मोठे माप धरले. शंभर कोटी सेंटिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर. फ्रेंचांनी मीटर ठरवताना उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर नेमके एवढेच धरले होते. तेव्हा या मापाला नाव पडले ‘क्वाड्रंट’, आपल्या भाषेत पृथ्वीचा चतकोर! (देलांब्र आणि मेशँ यांनी डंकर्क ते बार्सिलोना पट्टा मोजला, १७९२ ते १७९८, खरा चतकोर त्यांच्या हिशेबाहून सुमारे दोन किलोमीटर जास्त भरतो.) एक ओहम गुणिले एक सेकंद म्हणजेही तेवढेच, म्हणून इंग्लंडात एअर्टन आणि पेरी यांनी त्याला ‘सेकोम’ म्हटले. कानाला ते बरे नाही, हे कोणीही कबूल करील.

फॅरडेच्या नावाचा फॅरड १८८१ सालीच पॅरिसला पक्का झाला होता. हेन्रीची पाळी आली १८९३ साली, शिकागोच्या विद्युत परिषदेत. तो वारून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. चतकोराचा ‘हेन्री’ झाला.

एक हेन्री म्हणजे शंभर कोटी सेंटिमीटर, मिलिहेन्री म्हणजे दहा लाख, मायक्रोहेन्री म्हणजे हजार. मात्र जुन्या जर्मन रेडिओंच्या नकाशांत धारित्रांवरही सेंटिमीटरच लिहीत. ते निराळे, स्थिरविद्युत पद्धतीतले. त्यांना हा हिशेब लावाल तर फसाल. वेटोळ्यापाशी २,००,००० सेंटिमीटर दिसले, तर खुशाल २०० मायक्रोहेन्री समजावे. सरळ अंतर म्हणून पाहिले तर दोन किलोमीटर, फ्रेंचांच्या मोजणीत कमी पडले जवळजवळ तेवढेच.