भोवऱ्यात टिकणारी ज्योत

वांगणीच्या परिसरातून वाहणारी उल्हास नदी पावसाळ्यात भरून आली, की पुलाच्या खांबामागे एक नवल दिसते. सारे पाणी खाली धावत असते. पण खांबाच्या आडोशाला सापडलेली काडी उलटी फिरून वर येते. विमानाच्या यंत्रातील अग्नी अशाच उलट्या प्रवाहामुळे जिवंत राहतो, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नये.

गॅस टर्बाईनमध्ये दाबलेली हवा ज्वलनकक्षात इतक्या वेगाने शिरते, की उघडी ज्योत तत्काळ विझावी. फ्रँक व्हिटल यांचे पहिले यंत्र 1937 साली चालले खरे, पण ज्वलनाने त्यांना फार सतावले. पुढे हवेला तिरप्या पात्यांतून गिरकी देण्याची युक्ती रूढ झाली. ताक घुसळताना रवीभोवती मध्य खोल जातो व कडा चढते. तद्वत गिरकीच्या मध्यभागी दाब उतरतो, पुढचे तप्त वायू मागे ओढले जातात आणि नव्या इंधनाला पेटवीत राहतात.

ही गिरकी किती असावी? प्रत्येक वेळी कक्ष घडवून पाहणे खर्चाचे. गणिताने सांगावे, तर हा प्रवाह विक्षुब्ध. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1895 साली वेगाची सरासरी आणि चढउतार असे दोन भाग पाडून वाट दाखविली. तरी एक गाठ राहिलीच: वेगाला समीकरण आहे, दाबाला स्वतःचे असे नाही.

ती गाठ सोडविण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1962 साली पदवीधर झाले, 1964 साली मुंबईच्या आय.आय.टी.तून एम.टेक. आणि 1967 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टर झाले. तेथील ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी 1972 साली जी रीत मांडली, ती 'सिंपल' या नावाने जगभर गेली. कक्षाची लहान लहान घरे कल्पावी. दाबाचा अंदाज धरावा. त्यावरून वेग काढावा. मग प्रत्येक घरात आले किती आणि गेले किती, याचा जमाखर्च मांडावा. जमत नसेल, तर ती तूटच दाब किती सुधारावा ते सांगते. जमेपर्यंत गणकयंत्राने हेच करीत राहावे.

यावरून सारे सुटले असे मात्र मानू नये. त्याच सुमारास रूढ झालेले विक्षोभाचे दोन समीकरणांचे प्रतिमान सर्व दिशांना खळबळीचा परिणाम सारखाच धरते; जोरदार गिरकी ते मानीत नाही. म्हणून अधिक सूक्ष्म प्रतिमाने आली, आणि आजही नवा कक्ष प्रत्यक्ष पेटवून पाहिल्यावाचून विमानात बसवीत नाहीत. प्रवाशांचे प्राण त्या ज्योतीवर असतात.

आपला अंदाज चुकीचा असणारच, हे आधीच मान्य करून त्याचा हिशेब चोख ठेवणे, हे या रीतीचे मर्म. आम्हांला वाटते, ते केवळ यंत्रविद्येपुरतेच खरे नाही.