शिशाचा इतिहास आणि ‘ढ’ ठरवलेली पोरं



“तो ढ आहे ताई, त्याच्यामागे वेळ घालवू नका.” आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलाबद्दल हे वाक्य मी तीन जणींकडून ऐकलं. त्यातली एक त्याची आई. कुळगावच्या आमच्या वस्तीच्या टोकाला एक पत्र्याची शेड आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडतात, आतल्या शिशाच्या प्लेटा काढतात आणि कधी कधी रात्री वितळवतातही. मुलाचा बाप तिथे कामाला आहे. संध्याकाळी तो त्याच कपड्यांनी घरी येतो आणि पोर त्याला बिलगतं.

त्या मुलाच्या रक्तात शिसं आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही, कारण ते कुणी मोजलेलंच नाही. या लेखात मला त्या न मोजण्याचा इतिहास मांडायचा आहे.

शिसं विषारी आहे हा काही नवा शोध नाही. गवयाला शेंदूर खाऊ घालून त्याचा आवाज घालवला, अशा गोष्टी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. दगडाला फासायचा तो देव आणि पोटात गेला की विष, एवढं आपल्या आज्यांना कळत होतं. माझे आजोबा मुंबईत छापखान्यात खिळे जुळवायचे. ते खिळेही शिशाच्या मिश्रधातूचे. जेवायच्या आधी हात राखेने घासायचे आणि वर गुळाचा खडा खायचा, हा त्यांचा नेम होता. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही आपली सगळी पत्रं अशाच खिळ्यांनी छापली गेली. ते खिळे कुणाच्या तरी बोटांनी जुळवले होते, हे आपण चळवळीचा इतिहास सांगताना सहसा विसरतो.

कामगाराचं शिसं कायद्याने तसं लवकर ओळखलं. पोटातली कळ, हिरड्यांवर निळसर रेघ, लुळं पडलेलं मनगट ही लक्षणं डॉक्टरांना पाठ होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात जे मोजके व्यवसायजन्य आजार होते, त्यात शिशाची विषबाधा होती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा याच काळातल्या कायदेदुरुस्तीतून आली. पुढे १९४८ चा कारखाने कायदा झाला तेव्हा ते कायदामंत्री होते. त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती आणि तिच्यात पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. (हे सगळं एकट्या बाबासाहेबांनी केलं असं मी म्हणत नाही. तसल्या फॉरवर्डने आपलंच नुकसान होतं. पण कामगाराचं शरीर हा राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, ही भूमिका त्यांनी सत्तेत बसून रेटली, हे नाकारता येत नाही.)

पण हा कायदा कारखान्याच्या दारापाशी थांबायचा. चार माणसांची पत्र्याची शेड त्याच्या व्याख्येत बसत नव्हती आणि कामगाराच्या कपड्यांवरून घरात आलेली धूळ तर कुठल्याच व्याख्येत बसत नाही. मूल कामगार नसतं. त्यामुळे ते कुठल्याही यादीत येत नाही.

मुलांचं शिसं पहिल्यांदा ओळखलं गेलं ते ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये. तिथल्या मुलांना अचानक आंधळेपणा आणि लुळेपणा का येतो हे शोधताना १९०४ साली डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट ठेवलं ते घराच्या व्हरांड्यावरच्या रंगावर. कठड्याचा रंग उन्हाने भुकटी होऊन मुलांच्या हाताला लागत होता आणि हातावरून तोंडात जात होता. तरीही पुढची सत्तर वर्षं जगभर घरं त्याच रंगाने रंगवली गेली. त्यात १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला सुरुवात झाली. अमेरिकेत ते तयार करणारे कामगार १९२४ साली वेडाचे झटके येऊन मेले, तरी धंदा थांबला नाही. झोपडपट्टीतली मुलं आजारी पडू लागली तेव्हा शिसे उद्योगाच्या प्रतिनिधींनी दोष दिला तो आईबापांना. हे लोक अडाणी, यांना पोरं सांभाळता येत नाहीत. ओळखीचं वाटतंय ना?

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये १९६९ साली प्वेर्तो रिकन तरुणांची ‘यंग लॉर्ड्स’ ही संघटना उभी राहिली. ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेतलेली ही पोरं. महापालिका कचरा उचलत नाही म्हणून त्यांनी आधी रस्ते झाडले आणि मग तोच कचरा रस्त्यात टाकून वाहतूक अडवली. त्यानंतर त्यांना कळलं की शिशाच्या तपासणीचे संच आरोग्य विभागाकडे नुसते पडून आहेत. त्यांनी विभागाच्या कार्यालयात ठिय्या दिला, संच मिळवले आणि डॉक्टर-विद्यार्थ्यांना घेऊन घरोघरी मुलांची तपासणी केली. १९७० साली शहराला शिशाच्या विषबाधेसाठी वेगळा विभाग काढावा लागला. १९७१ साली अमेरिकेत शिशाच्या रंगाविरुद्ध कायदा झाला. १९७८ साली घरगुती रंगात त्यावर बंदी आली.

त्याच ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण पँथरकडून नाव घेतलं, भाषा घेतली, रग घेतली. त्यांच्या शाखांनी वस्त्यांमध्ये चालवलेले दवाखाने आणि रक्ततपासण्या मात्र आपल्या आठवणीत फारशा उरल्या नाहीत. ही माझी तक्रार आहे आणि ती माझ्यासकट सगळ्यांविरुद्ध आहे.

आपल्याकडे मोजमाप झालं ते फार उशिरा. १९९८-९९ साली दुसरं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. ते राबवणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या मुंबईत, देवनारला आहे. त्या वेळी मुंबई आणि दिल्लीत तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं गेलं. पुढे २००६ साली या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेली मुलं हजाराच्या वर होती आणि त्यातल्या ७६ टक्के मुलांमध्ये शिसं डेसिलिटरमागे ५ ते २० मायक्रोग्रॅम होतं. आज जागतिक आरोग्य संघटना ५ वरच कारण शोधून उपाय करायला सांगते. त्या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. एक, राहणीमान खालचं असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये शिसं सुमारे ३२ टक्के जास्त होतं. दुसरी, तान्ह्या बाळापेक्षा वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या रक्तात ते दुपटीहून जास्त होतं. म्हणजे मूल रांगायला लागलं, हात तोंडात घालायला लागलं, की शिसं चढतं.

त्यानंतरच्या एकाही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शिसं मोजलं गेलेलं नाही.

काहीच झालं नाही असं नाही. बंगळुरूच्या डॉ. व्यंकटेश थुप्पिल यांच्यासारख्यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. घरगुती रंगात ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातच जायला हव्यात, हा नियम २००१ पासून आहे. २०१५ साली नूडल्समधल्या शिशावरून देशभर चॅनेलवाले आठवडेच्या आठवडे ओरडले. पण २०२० साली युनिसेफने भारतातल्या सुमारे २७ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला, तेव्हा ती बातमी एका दिवसात विरली. नूडल्स मध्यमवर्गाच्या ताटात होते, बॅटरी फोडणारी शेड आपल्या दारात आहे.

आता अवघड भाग. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून दाखवलं की शिसं जास्त असलेली, पण वरून धडधाकट दिसणारी मुलंही बुद्ध्यांकात आणि एकाग्रतेत मागे पडतात. उद्योगाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर लबाडीचा आरोप केला, चौकशी झाली आणि त्यातून ते निर्दोष सुटले. मी हे एका कार्यकर्ता शिबिरात सांगितलं तेव्हा एक दादा म्हणाले, “ताई, हे बोलू नका. उद्या हेच म्हणतील की यांची पोरं मुळातच मंद.” त्यांची भीती खोटी नाही. ‘मेरिट’च्या नावाखाली आपल्याला किती ऐकावं लागतं ते मलाही माहीत आहे. पण शिसं जात बघत नाही. ते धुळीतून येतं आणि ती धूळ कुणाच्या दारात पडेल हे जात आणि गरिबी मिळून ठरवतात. भंगार, मैला, चामडं, बॅटरी ही कामं कुणाच्या वाट्याला आली हे काय मुलांच्या मेंदूने ठरवलं? जी गोष्ट मोजता येते, थांबवता येते, तिला ‘मुळातच’ म्हणताच येत नाही. उलट आपण गप्प बसलो तर ‘ढ’ हा शिक्का त्या पोराच्या कपाळावर कायमचा बसतो.

आणि हे आपल्या पोरांना जास्त का लागतं, त्याचं उत्तर ताटातही आहे. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दोन तृतीयांशांहून अधिक मुलांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ चं सर्वेक्षण सांगतं. अंगणवाडीतली लोहाची बाटली म्हणजे शिशाविरुद्धचं औषधही आहे, हे आमच्या सेविकाताईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे आम्हाला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही.”

आम्ही वस्तीतल्या अकरा घरांच्या सह्या घेऊन मुलांच्या रक्ततपासणीसाठी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. शेड बंद करा अशी मागणी त्यात मुद्दाम केलेली नाही, कारण त्या शेडवर चार चुली पेटतात. काम वस्तीबाहेर, नोंदणीकृत जागी हलवा आणि कामगारांना तिथेच आंघोळीची, कपडे बदलायची सोय द्या, असं म्हटलं आहे. यावर आमच्यातच दोन मतं आहेत आणि वाद अजून चालू आहे.

त्या मुलाच्या आईने सही करताना मला विचारलं, “रक्त काढल्यावर त्याची बुद्धी परत येईल का ताई?” मी तिला खोटं सांगितलं नाही. शिसं फार चढलेलं असेल तर औषधाने जीव वाचतो. मेंदूचं झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. पण नवीन शिसं जाणं थांबवता येतं, आणि चांगलं खाणं, शिकवणं, बोलणं याने मूल पुढे जातं. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने नवऱ्याचे कामाचे कपडे घराबाहेरच काढून ठेवायला लावले, ते वेगळ्या बादलीत धुते आणि उंबऱ्याची फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसते.

मुलाची धाकटी बहीण नऊ महिन्यांची आहे. ती आता रांगायला लागली आहे.