औंध संस्थानचा वारसा आणि सभामंडपातील व्याख्यान

मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला की गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवा कळस, नवी फरशी आणि प्रशस्त सभामंडप उभा राहतो. देणगीदारांच्या नावांची पाटी बसते, होमहवन होते, महाप्रसाद होतो. परंतु सभामंडप हा केवळ दर्शनाच्या रांगेसाठी बांधलेला नसतो. पूर्वीच्या काळी गावाची शाळा, न्यायसभा आणि ग्रंथालय या तिन्हींचे काम हा मंडप करीत असे. कीर्तनकार बाहेरगावाहून येत, पूर्वरंगात तत्त्व सांगत, उत्तररंगात आख्यान लावीत, आणि अक्षरशत्रू माणूसही घरी जाताना दोन गोष्टी शिकून जाई. आजच्या भाषेत ज्याला पाहुण्यांचे व्याख्यान म्हणतात, त्याचे मूळ याच मंडपात आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे शहराशहरांतून अशा व्याख्यानमाला निघाल्या. खेड्यात मात्र कीर्तन कमी झाले आणि त्याच्या जागी व्याख्यान आले नाही. मधली जागा रिकामी राहिली. ती रिकामी राहिल्याने काय हरवते, हे पाहण्यास सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानासारखे दुसरे उदाहरण नाही.

औंध हे खटाव तालुक्यातील गाव. डोंगरावर श्री यमाईदेवीचे ठाणे आणि पायथ्याशी पंतप्रतिनिधींची राजधानी. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीस असताना प्रतिनिधी हे पद निर्माण केले व ते प्रथम प्रल्हाद निराजी यांस दिले. नंतर हे पद किन्हईच्या परशुराम त्र्यंबक यांच्याकडे आले आणि त्यांच्या घराण्यात राहिले. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले होते. सगळी मिळून ७२ गावे आणि सुमारे ५०० चौरस मैलांचे क्षेत्र. त्यातला माणदेशाकडील भाग तर कायम अवर्षणाचा. म्हणजे हे संस्थान श्रीमंत नव्हते. तरीही त्याचे नाव दूरवर गेले, ते तेथील राहणीमुळे.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले व १९०९ साली गादीवर आले. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणे हा त्यांचा नित्यनेम होता आणि उतारवयातही तो सुटला नाही. राजवाड्यातील मंडळींनाही तोच नेम होता. संस्थानातील शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, गावोगावी जाऊन त्यांवर भाषणे दिली, पुस्तके लिहिली. आज शाळेच्या मैदानावर मुले सूर्यनमस्कार घालतात, त्यामागे या राजाचे मोठे श्रम आहेत. पण किती मुलांस ते नाव ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट कीर्तनाची. राजा सिंहासनावर बसून कीर्तन ऐकतो हे सर्वांनी ऐकलेले असते. येथे राजा स्वतः कीर्तनास उभा राहत असे. ज्याच्या हातात दंड देण्याचा अधिकार, तोच प्रजेपुढे हात जोडून आख्यान सांगे. चित्रकलेतही त्यांचा हात चांगला होता. रामायणातील प्रसंगांची त्यांनी स्वतः चित्रे काढली. चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करविल्या व त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची संशोधित आवृत्ती काढावी म्हणून १९१८ साली एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे त्यांनीच जाहीर केले. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्यापासून परदेशी शिल्पकार हेन्री मूर यांच्यापर्यंत अनेकांच्या कलाकृती तेथे आहेत. दिल्ली-मुंबईच्या माणसाने मुद्दाम पाहण्यास यावे असा हा ठेवा खटाव तालुक्यात आहे.

पाहुण्यांस आश्रय देणे हेही त्या राहणीचे एक अंग होते. १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना महाराजांनी कुंडलजवळचा ओसाड, निवडुंगाने भरलेला माळ दिला. त्यावरच किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर गावोगाव गेले. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधास राहून स्वाध्याय मंडळ चालविले. विद्वान, गवई, चित्रकार, कारागीर असा राबता तेथे असे. बाहेरचा जाणता माणूस आपल्या गावात यावा, राहावा आणि त्याच्यापासून चार लोकांनी शिकावे, हीच त्यामागील दृष्टी.

परंतु औंधची सर्वांत मोठी गोष्ट संग्रहालयात दिसत नाही. १९३९ साली, स्वातंत्र्य मिळण्याच्या आठ वर्षे अगोदर, महाराजांनी आपली सत्ता प्रजेच्या हवाली केली. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन ऊर्फ स्वामी भारतानंद यांनी यासाठी खटपट केली व महात्मा गांधींचा सल्ला घेऊन स्वराज्याची घटना तयार झाली. गावाने निवडलेली पंचायत, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींचे कायदेमंडळ अशी तिची रचना होती. सत्तेचा पाया राजवाडा नसून गाव आहे, हे त्यात मान्य केले होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच संस्थानात निघाली. भिंतीवाचून, विश्वासावर माणूस सुधारतो का, याचा तो प्रयोग होता. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट त्यावरूनच सुचला. चित्रपट सर्वांनी पाहिला, स्वतंत्रपूर कोठे आहे हे मात्र फार थोड्यांस माहीत.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १९५१ साली भवानराव महाराज निवर्तले. त्या ७२ गावांत ज्यांनी पंच म्हणून काम केले, ज्यांनी महाराजांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले, ती पिढीही आता गेली. राहिले ते त्यांच्या मुलानातवंडांच्या तोंडी असलेले चार प्रसंग आणि घराघरांतील माळ्यांवरची कागदांची गाठोडी. जुने घर पाडून नवे बांधताना ही गाठोडी रद्दीत जातात किंवा बंबात जळतात. सातबारा तलाठ्याकडे मिळतो, फेरफार निघतो, पण पंचायतीत कोण काय बोलले आणि कोणता तंटा कसा मिटला, हे एकदा जळाले की कोणत्याही कचेरीत अर्ज करून मिळत नाही.

म्हणून व्याख्यानाची गरज आहे. वाडा स्वतः बोलत नाही. नक्षीचा खांब पाहून माणूस ‘छान आहे’ म्हणतो व पुढे जातो. त्या खांबाखाली कोणता निर्णय झाला हे सांगणारा लागतो. जाणता वक्ता आला की गावातील म्हाताऱ्यांसही आपल्या वडिलांनी सांगितलेले आठवते. एकाच्या बोलण्याने दहांची तोंडे उघडतात, आणि मग कोणी तरी उठून सांगतो की आमच्या माळ्यावर असा एक कागद आहे. व्याख्यानाचा खरा लाभ हाच.

मात्र व्याख्यान म्हणजे नुसती स्तुती नव्हे. राजवाड्याचा वैभवकाळ सांगताना त्याच संस्थानातील दुष्काळ, सावकारी, शिवाशीव आणि गावकुसाबाहेरच्या माणसांचे जिणेही सांगितले पाहिजे. राजाने सत्ता का सोडली हे त्याशिवाय समजणार नाही. म्हणून वक्त्यामागून प्रश्नांसाठी वेळ असावा आणि प्रश्न विचारण्याचा मान बायकांना व मुलांनाही असावा.

यासाठी खर्च फार नाही. वर्षातून एकदा, यात्रेच्या आदल्या दिवशी किंवा नवरात्रात, एक जाणता पाहुणा बोलवावा. त्याचा प्रवासखर्च, एक श्रीफळ, एका घरी साधे जेवण आणि एक सतरंजी एवढे पुरे. शाळेतील एका मुलाने व्याख्यानाची टिपणे वहीत लिहावी व ती वही मंदिराच्या कपाटात तारखेसह ठेवावी. गावात ज्यांच्याकडे जुने कागद असतील त्यांनी ते त्या दिवशी दाखविण्यास आणावेत. कागद मालकाकडेच राहावा, नक्कल मंदिरात राहावी. दहा वर्षांत दहा वह्या होतील, आणि गावाचा इतिहास गावानेच लिहिलेला असेल.

ज्या दानशूर मंडळींनी दगड, सिमेंट, वाळू आणि श्रम दिले त्यांचे उपकार गाव विसरणार नाही. सभामंडप त्यांनी उभा केला. त्यात शब्द घुमत ठेवण्याचे काम आता सर्व ग्रामस्थांचे आहे. औंधच्या राजाने देवीपुढे उभे राहून प्रजेला चार शब्द सांगितले आणि शेवटी राज्यही प्रजेच्या ओटीत घातले. त्या वारशाचे स्मरण या मंडपात दरवर्षी होवो आणि ऐकणाऱ्यांची गर्दी वाढत राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.