गुडघे दुखतात, वजन जास्त आहे? खुर्चीवर बसूनच सुरुवात करा

वर्धा : गुडघे दुखले की माणूस बसून राहतो, अन् बसून राहिलं की वजन वाढून गुडघे आणखी दुखतात. वजन १ किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं हलका होतो.

पक्क्या खुर्चीवर बसा. एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. दोन्ही पाय १०-१० वेळा. नंतर अंगणात ५ मिनिटं चाला, काठीची लाज नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, पण थोडंही फायद्याचंच. छातीत दुखलं किंवा जास्त दम लागला तर थांबा, लगेच दवाखाना गाठा. व्यायाम नीट शिकायचा तर सावंगी (मेघे) इथं फिजिओथेरपी कॉलेज आहे.

घरच्यांनो, टोमणे मारू नका, सोबत चाला.