लहान मूल आणि पुढची एअरबॅग : कधी बंद, कधी चालू? नियम काय सांगतात

सप्टेंबर २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गाडीच्या पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसलेल्या दोन वर्षांच्या बालकाचा अपघातात मृत्यू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवी मुंबईतील वाशी येथे चालकाशेजारी बसलेले सहा वर्षांचे मूल दगावले. दोन्ही अपघातांत गाडीतील मोठी माणसे बचावली आणि दोन्ही ठिकाणी उघडलेल्या एअरबॅगचा आघात मुलाच्या जिवावर बेतल्याचे पुढे आले. प्राण वाचविण्यासाठी बसविलेले साधन लहान मुलाचाच घात कसा करते, हा प्रश्न त्यानंतर अनेक घरांत विचारला गेला.

वाहनसुरक्षेच्या क्षेत्रात हा प्रश्न नवा नाही. अमेरिका आणि युरोप यांनी त्यावर पाव शतकापूर्वीच नियम केले आहेत. भारतात मात्र चालकाशेजारची एअरबॅग सर्व नव्या मोटारींत आली ती अलीकडच्या काही वर्षांत. त्यामुळे ती बंद करता येते का, कोणी करावी आणि पुन्हा कधी चालू करावी, याची माहिती गाडी घेणाऱ्या अनेकांपर्यंत पोहोचलेली नाही.

एअरबॅग मुलाला घातक का ठरते?

एअरबॅग म्हणजे मऊ उशी, हा समज चुकीचा आहे. समोरून जोराची धडक बसल्याचे संवेदकाने ओळखताच रासायनिक क्रियेतून वायू तयार होतो आणि डॅशबोर्डमध्ये घडी करून ठेवलेली पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. बाहेर पडताना पिशवीचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत असू शकतो. सीट बेल्ट लावलेला प्रौढ माणूस पुढे झुकून पिशवीपर्यंत पोहोचतो, तोवर ती पूर्ण फुगून निवू लागलेली असते. हे गणित प्रौढ माणसाची उंची, वजन आणि डॅशबोर्डपासूनचे अंतर धरून मांडलेले आहे.

मुलाच्या बाबतीत ते तीन प्रकारे चुकते. मागे तोंड करून बसवायच्या, म्हणजे तान्ह्या बाळांच्या चाइल्ड सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेली असते. पिशवी फुगत असतानाच त्या पाठीवर आदळते आणि तो सारा जोर पाठीमागे असलेल्या बाळाच्या डोक्याला व मानेला बसतो. दुसरा प्रकार बेल्ट न लावता पुढे बसलेल्या मुलाचा. धडकेआधी चालक जोराने ब्रेक दाबतो, तेव्हा असे मूल पुढे ढकलले जाते आणि पिशवी बाहेर पडते त्या क्षणी त्याचे डोके डॅशबोर्डपाशी असते. तिसरा प्रकार मांडीवरच्या मुलाचा. मांडीवर बसलेले मूल आधीच डॅशबोर्डच्या जवळ असते. पुढून पिशवी आणि मागून प्रौढ व्यक्तीचे वजन यांच्यामध्ये ते सापडते.

एअरबॅग उघडण्यासाठी महामार्गावरचा वेग लागतो, असेही नाही. शहरातल्या रस्त्यावर मध्यम वेगात झालेल्या समोरासमोरच्या धडकेतही ती उघडू शकते. मोठ्यांना खरचटण्यापलीकडे काही होत नाही, अशा अपघातातही मुलाला धोका उरतो तो याचमुळे.

अमेरिकेने काय केले?

अमेरिकेत १९९७ च्या सप्टेंबरपासून नव्या प्रवासी मोटारींत चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या. तत्पूर्वीच बाजारात आलेल्या मोटारींत एअरबॅगच्या आघाताने मुलांचे मृत्यू होऊ लागले होते. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगच्या आघातामुळे २९० हून अधिक मृत्यू झाल्याचा तेथील यंत्रणेचा अंदाज आहे. त्यांतले बहुसंख्य बळी १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांतले होते आणि बहुतेकांनी बेल्ट लावलेला नव्हता किंवा ते योग्य रीतीने बसलेले नव्हते.

यावर तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टप्प्याटप्प्याने उपाय केले. ज्या गाड्यांना मागचे आसनच नाही किंवा ते बाळाची सीट मावणार नाही इतके अरुंद आहे, अशा गाड्यांत उत्पादकाला बंद-चालू स्विच देण्याची मुभा १९९५ मध्ये मिळाली. १९९७ मध्ये कमी जोराने उघडणाऱ्या पिशव्यांना परवानगी देण्यात आली. १९ जानेवारी १९९८ पासून जुन्या गाड्यांतही असा स्विच बसवून घेण्याची सोय झाली. मात्र ती सरसकट नव्हती. मालकाने अर्ज करायचा, माहितीपत्रक वाचल्याचे लिहून द्यायचे आणि प्रशासनाचे संमतिपत्र आल्यावरच विक्रेत्याने वा गॅरेजने स्विच बसवायचा, अशी पद्धत होती.

संमतीसाठी चार कारणे ग्राह्य धरण्यात आली : तान्ह्या बाळाला पुढेच बसवावे लागणे, १ ते १२ वर्षांच्या मुलांना पुढे बसवण्यावाचून पर्याय नसणे, चालकाला स्टिअरिंगपासून १० इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर अंतर राखणे शक्य नसणे, आणि एअरबॅगमुळे अधिक धोका संभवेल असा आजार वा शारीरिक स्थिती असणे. संमतीविना गाडीतील सुरक्षा उपकरण निकामी करणे विक्रेत्यांना आणि गॅरेजना तेथे कायद्याने मनाई आहे.

मे २००० मध्ये पुढचा नियम आला. आसनावर लहान मूल आहे हे ओळखून एअरबॅग आपोआप बंद राहील किंवा इजा होणार नाही इतक्या कमी जोराने उघडेल, अशी रचना नव्या गाड्यांत आणणे त्याने बंधनकारक केले. १ सप्टेंबर २००६ पर्यंत ही अंमलबजावणी पूर्ण झाली. तरीही १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागेच बसावे, हा तेथील अधिकृत सल्ला बदललेला नाही.

युरोपचा नियम : एअरबॅग चालू, तर बाळाची सीट पुढे नाही

युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने हा विषय थेट वाहतुकीच्या कायद्यात आणला. समोर एअरबॅग असलेल्या आसनावर मागे तोंड असलेली चाइल्ड सीट लावण्यास त्याने बंदी घातली. अपवाद फक्त एअरबॅग बंद केलेली असेल किंवा आपोआप बंद होत असेल तेव्हाचा. सदस्य देशांना हा नियम मे २००६ पर्यंत लागू करायचा होता. ब्रिटनमध्ये तो सप्टेंबर २००६ मध्ये आला आणि ब्रिटन संघाबाहेर पडल्यानंतरही कायम आहे. पोर्तुगाल व ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांना तो रोजच लागू होतो. सुटीत तिकडे जाऊन गाडी भाड्याने घेणाऱ्या आजी-आजोबांनाही तो माहीत असलेला बरा.

चाइल्ड सीटच्या नव्या आंतरराष्ट्रीय मानकाने (संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १२९) मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला मागे तोंड करूनच बसवणे आवश्यक ठरवले आहे. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. धडकेचा जोर पूर्ण पाठीवर विभागला जावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे बाळाला सर्वांत सुरक्षित ठेवणारी दिशाच चालू एअरबॅगसमोर सर्वांत धोक्याची ठरते. बंदीचे कारण हेच.

भारतात काय आहे?

भारतात चालकासाठीची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना मुदतवाढ देऊन ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत वेळ देण्यात आला. त्यानंतर बनलेल्या सर्व प्रवासी मोटारींत, अगदी सर्वांत स्वस्त प्रकारातही, चालकाशेजारच्या आसनासमोर एअरबॅग आहे.

मुलांविषयीची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (ब) मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंड होतो. या कलमात एअरबॅगचा उल्लेख नाही. मुलाला बांधलेले असले की कलमाची अट पुरी होते. बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर लावू नये, हे सांगण्याचे काम गाडीवरील इशारापट्टी आणि माहितीपुस्तिका यांच्यावरच उरते. पोलिसाची शिट्टी येथे मदतीला येणार नाही. जबाबदारी पालकांचीच आहे.

स्विच कुठे असतो, दिवा काय सांगतो?

प्रत्येक गाडीला एअरबॅग बंद करण्याचा स्विच असतोच असे नाही. असल्यास तो बहुधा शेजारचे दार उघडल्यावर दिसणाऱ्या डॅशबोर्डच्या कडेला किंवा समोरच्या खणात असतो आणि गाडीच्या किल्लीने फिरवता येतो. काही गाड्यांत ही सोय पडद्यावरील मेनूतून असते. ग्लोबल एनकॅपच्या चाचणी अहवालांत गाडीला असा स्विच आहे की नाही याची नोंद असते. नवी गाडी पसंत करताना ती पाहता येते.

एअरबॅग बंद केल्यावर ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ असा दिवा डॅशबोर्डच्या मध्यभागी किंवा छताच्या पुढच्या भागात लागतो. मीटरमध्ये लागणारा एअरबॅगचा तांबडा वा पिवळा दिवा वेगळा. गाडी चालू केल्यावर तो काही क्षण लागून विझतो. लागूनच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे, असे समजून गाडी अधिकृत सेवा केंद्रात न्यावी. दोन्ही दिवे एकच समजण्याची चूक सहज होते.

सन व्हायझरवरील चित्रात मागे तोंड असलेली बाळाची सीट, समोर फुगलेली पिशवी आणि तांबडी फुली दिसते. तेच या विषयावरचे सर्वांत थोडक्यातले नियमपत्र आहे.

स्विच नसेल तर?

मग बाळाची सीट पुढे लावू नये. तिची जागा मागच्या आसनावर आहे. स्विच असलेल्या गाडीतही पहिली पसंती मागच्याच आसनाला द्यावी. एअरबॅग बंद केल्याने पिशवीचा धोका जातो, पण समोरासमोरच्या धडकेत पुढची जागा मागच्यापेक्षा असुरक्षित राहतेच.

फ्यूज काढून, वायर तोडून किंवा बाजारात मिळणारे जोडयंत्र लावून एअरबॅग बंद करणे धोक्याचे आहे. चालकाची एअरबॅग, शेजारची एअरबॅग आणि धडकेच्या क्षणी सीट बेल्ट घट्ट ओढणारी रचना यांचे नियंत्रण बहुधा एकाच यंत्रणेकडे असते. एक तुकडा काढताना बाकीचेही निकामी होऊ शकतात. शिवाय एअरबॅगच्या वायरिंगशी खेळताना ती अवचित उघडण्याचाही धोका असतो. हे काम ओळखीच्या मेकॅनिकवरही सोपवू नये.

थोड्या मोठ्या, पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलाला नाइलाजाने पुढे बसवावे लागले, तर आसन शक्य तितके मागे सरकवावे, मूल चाइल्ड सीटमध्ये किंवा उंची देणाऱ्या बूस्टरवर बेल्टने नीट बांधावे. अशा वेळी एअरबॅग चालू ठेवावी की बंद, याबाबत उत्पादकांच्या सूचना एकसारख्या नाहीत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल ते पाळावे.

पुन्हा चालू करणे तितकेच महत्त्वाचे

बाळाला सोडून परतताना त्याच आसनावर आजोबा किंवा शेजारी बसतात. स्विच बंदच राहिला, तर त्यांच्यासमोर एअरबॅग उघडणार नाही. एका व्यक्तीचे संरक्षण करताना दुसऱ्याचे काढून घेतले जाऊ नये, म्हणूनच अमेरिकेने परवानगीची अट घातली होती. गोव्यात भाड्याच्या, स्वतः चालवायच्या गाड्या पुष्कळ. अशी गाडी ताब्यात घेताना काचा व टायर पाहतात, तसा हा दिवाही पाहावा. आधीच्या ग्राहकाने स्विच कोणत्या स्थितीत ठेवला आहे, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

चतुर्थीला गावी जाताना गाडीत माणसे जास्त आणि जागा कमी असते. धाकट्याला पुढे मांडीवर घेतले जाते, तेही मायेनेच. पण धडकेच्या क्षणी कोणाचेही हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत आणि समोरची पिशवी माणूस पाहून उघडत नाही. अशा वेळी एका मोठ्या माणसाने बसने जावे किंवा दुसरी फेरी मारावी. मूल मागे, आपल्या जागी, बांधलेले असावे.

थोडक्यात नियम

• मागे तोंड असलेली बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये.
• १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना शक्यतो मागेच बसवावे. वयानुरूप चाइल्ड सीट, बूस्टर किंवा बेल्टने बांधावे.
• कोणतेही मूल पुढे मांडीवर घेऊ नये.
• एअरबॅग बंद करायची ती उत्पादकाने दिलेल्या स्विचनेच. ‘ऑफ’चा दिवा लागल्याची खात्री करावी.
• मोठी व्यक्ती बसण्यापूर्वी ती पुन्हा चालू करावी.