बाबागाडीचे तोंड कोणीकडे?



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, लोकशाही आणि अवकाशयाने ह्यांसारखे भारदस्त विषय बोलले जातात, तेथे उभे राहून तान्ह्या मुलाच्या गाडीविषयी बोलावयाचे म्हणजे प्रथम थोडा संकोच वाटतो. परंतु 'नातवासाठी कोणती बाबागाडी घ्यावी?' हा प्रश्न आजकाल आपल्या मध्यमवर्गीय घरांतूनही ऐकू येतो. दुकानदार त्याचे उत्तर रंगाने, किमतीने आणि पेला ठेवण्याच्या कप्प्याने देतो. ह्या सगळ्यांत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असावयास हवा: गाडीत बसलेल्या मुलाचे तोंड कोणाकडे असणार? ढकलणाऱ्याकडे, की रस्त्याकडे? ह्या एवढ्याशा प्रश्नाला जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम शब्दाची थोडी गंमत. 'बाबागाडी'तला बाबा म्हणजे वडील नव्हेत. साहेबाच्या बंगल्यातले नोकरचाकर ज्यांना 'बाबालोग' म्हणत, ती ही मुले. इंग्रजीतला 'पेराम्ब्युलेटर' हा शब्द तर त्याहून मौजेचा आहे. त्याचे मूळ 'हिंडणे-फिरणे' ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. मुलांच्या गाडीला हे नाव मिळण्यापूर्वी ते मोजणीदारांच्या चाकाला होते. लांब दांड्याचे एक चाक रस्त्यावरून ढकलीत न्यावयाचे, त्याचे फेरे मोजावयाचे आणि त्यावरून अंतर काढावयाचे. कंपनी सरकारच्या मोजणीदारांनी अठराव्या शतकात आपल्या देशातले कित्येक रस्ते अशाच पेराम्ब्युलेटरने मोजले. म्हणजे हा शब्द आपल्याकडे आला तो मुलाला घेऊन नव्हे, तर नकाशा घेऊन!

मुलाच्या गाडीची कथा एका उमरावाच्या वाड्यात सुरू होते. इंग्लंडातील डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकने 1733 च्या सुमारास विल्यम केंट ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाकडून आपल्या मुलांसाठी एक गाडी करविली. शिंपल्याच्या आकाराची बैठक, घराण्याच्या चिन्हातले सर्प घडणीत गुंफलेले, आणि ओढावयास बकरी किंवा लहानसे तट्टू. हे खेळणे होते, सोय नव्हती. मुलाला समोर दिसे ती जनावराची पाठ. पुढे सामान्य श्रीमंतांसाठी जनावराच्या जागी मनुष्य आला. अमेरिकेत 1830 नंतरच्या दशकात बेंजामिन क्रँडल ह्या खेळणी करणाऱ्या कारागिराने अशा गाड्या विकावयास आरंभ केला, असे सांगतात. तरीही गाडी ओढलीच जाई. दाई पुढे, मूल मागे. मूल रडले तर मान वळवावी, आणि मूल धक्क्याने खाली पडले तर ते कळावयास दोन पावले उशीर व्हावा, असा तो प्रकार.

ही गोष्ट उलटी करण्याची युक्ती आज आपल्याला इतकी साधी वाटते की ती कोणी तरी प्रथम सुचविली असेल हेही ध्यानात येत नाही. चार्ल्स बर्टन ह्याने 1848 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गाडीला मागून ढकलावयाचा दांडा लावला. त्याचे स्वागत झाले म्हणाल, तर नाही. ढकलणाऱ्यांना गाडी नीट सांभाळता येईना, ती रस्त्याने चालणाऱ्यांच्या पायांवर जाऊ लागली, तक्रारी झाल्या. तेव्हा बर्टन इंग्लंडला गेला आणि 1853 मध्ये त्याने तेथे आपल्या पेराम्ब्युलेटरचे पेटंट घेतले. लंडनमध्ये मात्र राजघराण्यांतून मागणी आली आणि बड्या लोकांनी उचलली म्हणून ती सर्वांनी उचलली. नवी वस्तू समाजात रुजते ती उपयोगाने की अनुकरणाने, ह्या वादात मी येथे पडत नाही.

ओढण्याचे ढकलणे झाले आणि मूल प्रथमच मोठ्या माणसाच्या नजरेपुढे आले. पण नजर एकतर्फीच होती. मोठ्याला मूल दिसे, मुलाला मोठा दिसेलच असे नाही. ह्यावर नेमके बोट ठेवले ते बाल्टिमोर येथील विल्यम रिचर्डसन ह्या कृष्णवर्णी कारागिराने. 1889 च्या जूनमध्ये त्याला मिळालेल्या पेटंटात गाडीचा पाळणा एका सांध्यावर फिरवून त्याचे तोंड हवे तर रस्त्याकडे, हवे तर ढकलणाऱ्याकडे करता येई. शिवाय चाके एकमेकांपासून स्वतंत्र फिरत, त्यामुळे गाडी थोड्या जागेत वळे. गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. आजच्या महागड्या गाड्यांची जाहिरात ज्या 'उलटसुलट फिरणाऱ्या आसना'ने होते, ते आसन एवढे जुने आहे.

ह्यानंतरचा काळ हा प्रॅमचा वैभवकाळ. लीड्स येथे विल्यम विल्सन ह्याने 1877 मध्ये काढलेल्या 'सिल्व्हर क्रॉस' कारखान्याच्या गाड्या आठवा, निदान चित्रांतल्या तरी आठवा: नावेसारखी खोल पेटी, मोठाली चाके, खाली कमानी, वर घडीचे छत. मूल त्यात आडवे असे आणि त्याचे तोंड दाईकडे असे. प्रशिक्षित दाया तयार करण्यासाठी एमिली वॉर्ड ह्या बाईंनी 1892 मध्ये लंडनला नॉरलंड संस्था काढली. डॉक्टर मंडळीही मुलांना रोज मोकळ्या हवेत न्यावे म्हणून सांगू लागली, अमेरिकेतील डॉ. होल्ट ह्यांच्या 1894 च्या बालसंगोपनावरील पुस्तकाने हा उपदेश घरोघर पोहोचविला. मात्र हे वैभव कोणाच्या जिवावर होते तेही पाहावे. ती गाडी ठेवावयास घरात ओसरी हवी, उचलावयास दोन माणसे हवीत आणि ढकलावयास पगारी बाई हवी. आपल्याकडे लष्करी छावण्यांतून आणि साहेबांच्या बागांतून प्रॅम ढकलणाऱ्या आया दिसत. त्यांची स्वतःची मुले त्या वेळी कोणाच्या कडेवर असत, ह्याची नोंद कोणत्याही पेटंटात सापडणार नाही.

मध्येच एक भीषण चित्र डोळ्यांपुढून जाते. 1938 साली, युद्धाचे ढग जमत असता, केंट परगण्यातील हेक्स्टेबल येथे विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या बंद बाबागाडीचा प्रयोग झाला. पेटीला झाकण, झाकणाला काच, आणि हवा गाळून आत घेण्याची सोय. मुखवटा चढवून ती गाडी ढकलणाऱ्या बाईचे छायाचित्र उपलब्ध आहे. मोकळ्या हवेसाठी निघालेल्या गाडीवर हवाच बाहेर ठेवण्याची पाळी यावी!

युद्ध संपले, दाया गेल्या, मोटारी आणि विमाने आली, आणि गाडी ढकलण्याचे काम पगारी बाईकडून आईकडे आले. ओवेन मॅक्लारेन हा वैमानिक आणि विमानांचा अभियंता; स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्याने काम केलेले. अमेरिकेहून मुलगी आपले लेकरू घेऊन आली आणि अवजड बाबागाडी प्रवासात वागविणे किती त्रासाचे आहे हे तिने बापाला सांगितले. विमानाची चाके उडताना पोटात घ्यावयाची आणि उतरताना बाहेर काढावयाची, हा ज्याचा धंदा, त्याला गाडी मिटविणे काय अवघड! पोकळ अॅल्युमिनियमच्या नळ्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि मधे कापडी झोळी. 1965 मध्ये त्याने पेटंटासाठी अर्ज केला आणि 1967 पासून गाडी विक्रीस आली. वजन सुमारे सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. छत्रीसारखी मिटवून हातात धरावी आणि दुसऱ्या कडेवर मूल घ्यावे. पहिल्या गाड्या बार्बी गावच्या त्याच्या तबेल्यात तयार झाल्या.

ह्या छत्री-गाडीने आईला बसमध्ये, आगगाडीत आणि जिन्यावर स्वातंत्र्य दिले, ह्यात शंका नाही. पण त्याची किंमत मुलाने थोडी भरली. हलक्या, मिटणाऱ्या सांगाड्यात झोळी एकाच दिशेने बसे, आणि ती दिशा रस्त्याची होती. मुलाच्या पुढे आता लोकांचे गुडघे आणि मोटारींचे धुराडे. आईचा आवाज मागून येई, आला तर.

आला तर, असे मी मुद्दाम म्हणतो. डंडी विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझान झीडिक ह्यांनी 2008 मध्ये ब्रिटनमधील रस्त्यांवर अडीच हजारांहून अधिक पालक-बालक जोड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. बहुसंख्य मुले पाठमोरी नेली जात होती. आणि ज्यांची मुले समोर तोंड करून होती, ते पालक मुलांशी सुमारे दुपटीने बोलत होते. ह्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. बोलक्या आईबापांनीच तशी गाडी निवडली असेल, असेही कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चुकीचे नाही. परंतु त्याच अभ्यासातील एका छोट्या प्रयोगात तीच आई आणि तेच मूल दोन्ही तऱ्हेच्या गाड्यांत फिरले, तेव्हाही समोरासमोर असता बोलणे वाढले. एवढे मला पुरेसे वाटते.

येथे आपल्या कडेची आठवण होणे स्वाभाविक आहे. कडेवरचे मूल जग पाहते आणि भ्याले तर लगेच आईच्या खांद्यात तोंड लपविते. दोन्ही दिशा त्याला एका मानेच्या वळणावर असतात. मॉन्ट्रियल येथे 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या आयांना मूल रोज अधिक वेळ अंगाशी घ्यावयास सांगितले होते, त्यांची मुले सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली. आमच्या आज्यांना हे ऐकून हसू आले असते. मात्र ह्याचा अभिमान बाळगताना ऊसतोडणीच्या फडात बैलगाडीखाली झोळी बांधून कामाला जाणारी आईही आठवावी. तिला कडही परवडत नाही आणि गाडीही नाही.

आता गाडी घ्यावयाचीच, तर इतिहासाने काय शिकविले ते घेऊन दुकानात जावे. मूल सहा महिन्यांच्या आतले, आपले आपण न बसणारे असेल, तर त्याला सपाट निजविता येईल अशीच गाडी हवी. छत्री-गाडीच्या झोळीत त्याचा कणा आणि मान दोन्ही वाकतात. तोंड फिरविता येत असेल तर पहिले वर्षभर ते आपल्याकडे ठेवावे. पुढे मूल स्वतःच जगाकडे बोट दाखवू लागते, तेव्हा फिरवावे. पट्टे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून येणारा, असे पाच असावेत. ब्रेक लावून गाडी उतारावर उभी करून पाहावी. दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नये, मूल उचलताच गाडी मागे कोलमडते. उन्हात वरून कापड टाकून गाडी झाकू नये. सावली मिळते खरी, पण आत वारा खेळत नाही आणि भट्टी होते.

आणि बिजागरी पाहावी. ज्या मॅक्लारेनच्या नावाने छत्री-गाडी जगभर गेली, त्याच नावाच्या कंपनीला 2009 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांबाबत जाहीर सूचना काढावी लागली. गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तेथे नोंदल्या गेल्या होत्या. उपाय म्हणून बिजागरीवर चढवावयाची आवरणे पाठविण्यात आली. मिटण्याची जी करामत आईचा भार हलका करते, तीच लेकराच्या बोटाशी खेळते. म्हणून गाडी उघडताना आणि मिटविताना मूल हाताच्या अंतराबाहेर असावे, एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

न मिटणाऱ्या गाडीचेही एक प्रकरण सांगतो. 2012 च्या फेब्रुवारीत इंग्लंडातील वेदरबी येथे चाकांच्या खुर्चीतून फिरणारा एक गृहस्थ लीड्सच्या बसमध्ये चढू पाहत होता. अपंगांसाठी राखलेल्या जागेत एका बाईची बाबागाडी होती, आत मूल झोपलेले. चालकाने विनंती केली. गाडी मिटत नाही, असे बाईने सांगितले. गृहस्थ उतरला आणि फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2017 च्या जानेवारीत निकाल लागला तो असा, की चालकाने नुसती विनंती करून हात झटकणे पुरेसे नाही, त्याने आणखी प्रयत्न केला पाहिजे. जागा मात्र सक्तीने रिकामी करवावी, असे न्यायालयाने म्हटले नाही. चाकांवर बसून फिरणारी ही दोन माणसे, एक अगदी लहान आणि एक मोठे, एकाच चार फूट जागेसाठी समोरासमोर आली होती.

आपल्याकडे हे भांडण अजून बसपर्यंत पोहोचतच नाही, ते पदपथावरच अडते. गुडघाभर उंचीची कड, मध्येच विजेचा खांब, त्यापुढे दुचाकींची रांग. सदाशिव पेठेतली आजी न्यू जर्सीत लेकीच्या बाळंतपणाला गेली की रोज संध्याकाळी नातवाला गाडीत घालून मैलभर फिरवून आणते, आणि इथे परत आल्यावर तीच गाडी जिन्याखाली चादर गुंडाळून ठेवते. तिला मी एकदा विचारले, तिकडे मुलाचे तोंड कोणीकडे ठेवीत होतात? ती म्हणाली, "माझ्याकडेच. नाहीतर मराठी कोणाशी बोलू?"